खानदेशी जीभ आणि परमुलखाचे कान

धुळे शहरात वाग्देवतेचे मंदिर आहे, ही गोष्ट खानदेशाबाहेर फारशी कोणास ठाऊक नसते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली स्थापन केलेल्या सत्कार्योत्तेजक सभेने समर्थ रामदास आणि त्यांच्या संप्रदायातील ग्रंथांची हस्तलिखिते ठिकठिकाणच्या मठांतून जमा केली, आणि ती ज्या वास्तूत ठेवली तिला समर्थ वाग्देवता मंदिर हे नाव दिले. याच नगरीत इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपला अखेरचा काळ घालविला, १९२६च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी देह ठेवला, आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले, ज्याने पुढे त्यांचा धातुकोश छापून काढला. शब्दांचे मूळ शोधण्यात आयुष्य वेचणारा पुरुष आणि शब्दाला देवता मानणारी संस्था ज्या एका गावात नांदली, त्या गावाच्या पेठेत त्याच सुमारास एखादी बाई चार वर्षांचे न बोलणारे पोर कडेवर घेऊन उतरली असती, तर तिला लोकांनी कोणत्या दारी पाठविले असते, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे घोळत आहे. दारांची वाण नव्हती, एवढे मात्र खरे.

मराठी भाषेला वाचेच्या व्यंगांची नावे कधी उसनी आणावी लागली नाहीत. तोतरा, बोबडा, चोचरा, गेंगाणा, घोगरा, मिणमिण्या, मुका. आद्याक्षरावर अडून तेच अक्षर पुनःपुन्हा म्हणणारा वेगळा, एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण उच्चारणारा वेगळा, नाकातून बोलणारा वेगळा, ही वाटणी आमच्या आजीबाईंनी कोणत्याही विद्यापीठात न जाता केलेली होती. सुश्रुतानेही निदानस्थानात वातव्याधींचे वर्णन करताना मूक, मिन्मिन आणि गद्गद असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील मिन्मिन आपल्या मिणमिण्याच्या किती जवळचा आहे हे सांगायला राजवाड्यांची गरज नाही. परंतु या शब्दसंपत्तीत एक निर्दयपणा लपलेला आहे. ताप माणसाला येतो आणि जातो, खोकला लागतो आणि थांबतो. तोतरा मात्र माणूस असतो. व्यंगाचे नाव व्याधीला न चिकटता माणसाला चिकटते, आणि पुढे चावडीवर, लग्नाच्या याद्यांत, प्रसंगी सावकाराच्या वहीतसुद्धा, तेच त्याचे आडनाव होऊन बसते. जे माणसाचे लक्षण ठरले त्यावर इलाज शोधण्याची बुद्धी सहसा होत नाही.

तरीही इलाज होत, आणि तेही मनापासून होत. सहाणेवर उगाळलेले वेखंड मधात कालवून तान्ह्या मुलाच्या जिभेला चाटविण्याची रीत खानदेशातल्या घराघरांत होती व अजूनही पुष्कळ घरांत आहे. वेखंडाचे संस्कृत नाव वचा, आणि बोलणे या अर्थाच्या वच् धातूशी त्याचे नाते उघड असल्यामुळे, जिभेला लावावयाचे औषध नावानेच सिद्ध झाले होते. शंखात रात्रभर ठेवलेले पाणी पाजावे, पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालावा, जिभेखालचा पडदा जाड असेल तर तो कापून घ्यावा, असे नाना उपाय सांगितले जात. शेवटचा उपाय न्हाव्याच्या वस्तऱ्याने किंवा सुइणीच्या नखाने उरकला जाई आणि त्यात कधीकधी मुलाचे बोलणे राहून ताप तेवढा पदरी पडे. सातपुड्याच्या अंगाला भगताकडे जात. आणि सर्वांच्या वर सप्तशृंगी होतीच. चैत्रात धुळे-जळगावकडच्या वाटांनी वणीच्या गडाकडे पायी निघालेल्या माणसांच्या रांगा आजही दिसतात. त्या रांगांत पोराला वाचा फुटावी म्हणून नवस बोललेल्या आया किती चालून गेल्या असतील, याची मोजदाद करणारे दफ्तर कोठे नाही.

या उपायांना हसणे सोपे आहे, आणि मला ते रुचत नाही. जी आजी रोज सकाळी नातवाच्या जिभेवर वेखंड फिरवीत असे, ती त्या निमित्ताने पाव घटका त्याच्या समोर बसे, त्याच्या तोंडाकडे पाही, त्याच्याशी बोले आणि तो हुंकार देतो की नाही हे न्याहाळी. आजच्या वाचोपचारतज्ज्ञाने आईबापांना दिलेल्या सल्ल्यातील निम्मा भाग एवढाच असतो. दोष होता तो निराळ्याच ठिकाणी. या सर्व वैद्यांची, भगतांची आणि आज्यांची नजर जिभेवर खिळलेली होती. न बोलणारे मूल म्हणजे जड जिभेचे मूल, हा सिद्धांत इतका पक्का होता की पाठीमागून टाळी वाजवून ते मान वळविते की नाही हे पाहण्याचे कोणाला सुचत नसे. वस्तुतः ज्याला गाव मुका म्हणे तो बहुधा बहिरा असे. त्याची जीभ, टाळू, कंठ सर्व शाबूत असून केवळ कधी काही ऐकलेच नाही म्हणून तो बोलत नसे. भाषा कानातून आत शिरते आणि मग जिभेवर येते, हा साधा क्रम ध्यानात न आल्यामुळे मुलाची भाषा शिकण्याची मोलाची पहिली पाच वर्षे वेखंड उगाळण्यात निघून गेली. कानाकडे दुर्लक्ष, ही या इतिहासातली पहिली चूक. दुसरी चूकही कानाचीच आहे, परंतु ती रोग्याच्या नव्हे, वैद्याच्या कानाची. तिच्याकडे मी पुढे येतो.

१८१८ साली पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास आपला मुक्काम करून मुलुखाची व्यवस्था लावण्यास आरंभ केला. नव्या कारभाराला प्रत्येक गोष्ट मोजण्याची हौस होती. दर दहा वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीत १९३१पर्यंत आंधळे, महारोगी, वेडे आणि बहिरे-मुके असे चार रकाने असत. गावकामगाराने दारोदार जाऊन त्यांत आकडे भरावेत, ते मामलेदार कचेरीत रुजू व्हावेत, तेथून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून इलाख्याला जावेत, असा शिरस्ता होता. बहिरेपण आणि मुकेपण एकाच रकान्यात घालण्यात त्या साहेबांनी आमच्या आजीबाईंपेक्षा अधिक शहाणपणा दाखविला, हे कबूल केले पाहिजे. तथापि तोतऱ्याला, गेंगाण्याला, लकव्याने वाचा गेलेल्या म्हाताऱ्याला कोणताच रकाना नव्हता, आणि ज्यांना रकाना होता त्यांच्यासाठी मोजण्यापलीकडे कोणतीही तजवीज खानदेशात नव्हती. मुंबईस माझगावात १८८५च्या सुमारास कॅथॉलिक बिशप मोरां यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली, आणि ती या देशातील अशा पहिल्या शाळांपैकी होय; पण एरंडोल किंवा शिरपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला ती विलायतेइतकीच दूर होती.

येथे कालगणनेतला एक योगायोग नमूद करावासा वाटतो. पॅरिसमधील शल्यवैद्य ब्रोका याने १८६१ साली एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासून वाणीचे स्थान मेंदूच्या पुढील भागात आहे असे दाखविले, आणि वाचेचा विचार जिभेवरून उचलून मस्तकात नेला. नेमक्या त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ थळ घाट चढून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असे खानदेशातून पुढे सरकत होते. ब्रोकाचे नाव त्या रुळांवर गिट्टी टाकणाऱ्या मजुराने ऐकण्याचे कारणच नव्हते. परंतु ब्रोकाने जी विद्या सुरू केली ती खानदेशच्या माणसाला अखेर भेटली ती याच रुळांवरून, आणि तीही शंभर वर्षांनंतर.

मधल्या काळात वाचा सुधारण्याचे काम आपोआप पंतोजीकडे आले, व त्यानंतर सरकारी शाळेतल्या मास्तरांकडे. शाळेच्या भिंतीवर वर्णमालेचा तक्ता टांगलेला असे. तो तक्ता म्हणजे मुखाचा नकाशाच आहे: क-वर्ग कंठापाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग मूर्ध्याशी, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर, असा घशापासून बाहेर येत जाणारा क्रम आपल्या पूर्वजांनी शिक्षाग्रंथांत बसविला. पाणिनीय शिक्षेत वर्णांची आठ स्थाने मोजली आहेत. विलायतेत ज्या गोष्टीसाठी शरीरशास्त्राचे पुस्तक उघडावे लागते ती आमच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती; परंतु त-वर्ग दातांशी उच्चारावा म्हणजे जीभ कोठे टेकवावी, हे त्या तक्त्यावर बोट ठेवून मुलाला दाखविणारा मास्तर मी तरी पाहिला नाही. मी पाहिली ती छडी. आमच्या वर्गात अडखळत बोलणारा एक मुलगा होता. पाढे म्हणण्याची त्याची पाळी आली की सगळा वर्ग आधीच हसू दाबून बसे, आणि मास्तर त्याला सावकाश बोल असे ओरडून सांगत. तो सावकाश बोलत नसे, तो बोलेनासाच झाला. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. बाजारच्या दिवशी तो बापाच्या गाडीवर बसलेला दिसे आणि बैलांशी मात्र अगदी सरळ, न अडखळता बोले. अडखळणारा माणूस जनावराशी, तान्ह्या मुलाशी, किंवा एकटा असताना बहुधा अडखळत नाही, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले.

मास्तरांची छडी अडखळण्यावर जेवढी पडे त्याहून अधिक ती बोलीवर पडे. खानदेशात घरी अहिराणी बोलतात, जळगाव-भुसावळच्या लेवा समाजात तावडी बोलतात, सातपुड्यात भिली आणि पावरी बोलतात. ग्रिअर्सनसाहेबांनी भाषांची पाहणी केली तेव्हा मराठीला १९०५ साली सातव्या खंडात जागा दिली आणि खानदेशीला १९०७ साली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली बोलींच्या पंक्तीला बसविले, म्हणजे कागदोपत्री ती मराठीच्या घरातून बाहेर काढली. ते बरोबर की चूक हा वाद पंडितांचा आहे. शिरगणतीत मात्र आजही खानदेशी वेगळी मोजली जाते, आणि २०११ साली ती सांगणाऱ्यांची संख्या सुमारे साडेअठरा लाख भरली. या बोलीत ळ हा वर्ण जवळजवळ नाहीच. त्याच्या जागी य येतो. डोळा तो डोया, काळा तो काया, शाळा ती शाया. ण चा न होतो, म्हणून पाणी ते पानी. क्रियापदाला स लागतो: मी जास, तो करस. शाळेने या सर्वांना अशुद्ध म्हटले, आणि मुलांच्या दोन पिढ्यांना आपल्या आईची जीभ म्हणजे एक दुखणे आहे असे वाटू लागले.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी अक्षर गिरविले नाही. त्या शेतात, जात्यावर ओव्या रचीत, मुलगा सोपानदेव आणि घरातला एक भाऊबंद त्या टिपून घेत. त्या १९५१च्या डिसेंबरात गेल्या, आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुढच्याच वर्षी छापून आली तेव्हा ज्या बोलीबद्दल शाळेत छड्या मिळत तीच बोली महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बहिणाबाईंना लहानपणी कोणी उच्चारपरीक्षेला बसविले असते तर ळ च्या रकान्यात त्यांना शून्य मिळाले असते, एवढे मी खात्रीने सांगतो.

असो. शास्त्र या देशात आले ते १९६५ साली. म्हैसूरला केंद्र सरकारने वाणी व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था काढली. आरंभी तिच्या नावात लॉगोपेडिक्स हा ग्रीक वळणाचा शब्द होता. दुसऱ्याच वर्षी, १९६६ साली, मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न अशा वैद्यकीय महाविद्यालयात श्रवण आणि वाचोपचार यांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे १९८३ साली वांद्र्यास अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि १९७६ साली पदावर असतानाच वारले. महाराष्ट्राच्या नशिबाने यांतील दोन ठिकाणे मुंबईत आली, आणि खानदेशच्या नशिबाने मुंबईस जाणारी गाडी जळगावहून सुटत होती.

त्या गाडीबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण तीस-चाळीस वर्षे आमच्याकडे वाचोपचार या शब्दाचा अर्थ रेल्वेचा प्रवास असाच होता. जळगाव ते मुंबई हे अंतर ४२० किलोमीटर. धुळ्याच्या माणसाने आधी चाळीसगावच्या फाट्याने ५६ किलोमीटर येऊन मोठी गाडी धरावयाची. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या बाजूच्या माणसाने तापी खोऱ्याच्या मार्गाने सुरतेला जाऊन तेथून मुंबई सेंट्रलला उतरावयाचे, आणि नायर रुग्णालय तेथून पायी जाण्याजोगे असल्यामुळे या वळसा घालून आलेल्यांचे शेवटचे पाऊल उलट सोपे पडे. रात्रीची गाडी, सामान्य डब्यातली गर्दी, मांडीवर झोपलेले मूल, पिशवीत दशम्या आणि ठेच्याची डबी, खिशात गावच्या डॉक्टरची चिठ्ठी. कल्याणला किंवा डोंबिवलीला कोणी नातलग असला तर एक रात्र तेथे. नसला तर सकाळी उतरून फलाटावरच तोंड धुऊन सरळ रांगेत. बाह्यरुग्ण विभागात नाव लागे, कानाची तपासणी होई, आणि पुष्कळदा त्याच दिवशी त्या बापाला पहिल्यांदा कळे की पोराची जीभ नव्हे, कान निकामी आहे. पाच वर्षांनी कळे. कोणी सातव्या वर्षी येई.

मग उपचाराचा प्रश्न. वाचोपचार म्हणजे बाटलीतले औषध नव्हे किंवा एकदा कापून मोकळे होण्याची शस्त्रक्रियाही नव्हे. आठवड्यातून दोनतीन वेळा, महिनोन्महिने, समोर बसून करावयाचा तो अभ्यास आहे. दुभंगलेली टाळू शल्यवैद्याने शिवून दिली तरी नाकातून जाणारा श्वास तोंडाकडे वळवायला मुलाला शिकवावेच लागते. अलीकडे कानाच्या आत यंत्र बसविण्याची शस्त्रक्रिया सरकारी मदतीने होते, पण यंत्र बसल्याच्या दिवशी मूल बोलू लागत नाही, त्या दिवशी ते तान्हे होते आणि ऐकण्यास आरंभ करते. खानदेशच्या कास्तकाराला आठवड्यातून दोनदा मुंबई कशी जमावी? तेव्हा डॉक्टरीणबाई घरी करावयाचे पाठ कागदावर लिहून देत आणि महिन्याने या असे सांगत. महिना कापूसवेचणीचा असला तर दोन महिन्यांनी, लग्नसराईचा असला तर तीन. कागद देव्हाऱ्यात ठेवलेले मी पाहिले आहेत.

आणि त्या कागदावरची भाषा. येथे ती दुसरी, वैद्याच्या कानाची चूक समोर येते. उच्चार तपासण्यासाठी मुलापुढे चित्रे धरतात आणि त्यांची नावे विचारतात. कोणता वर्ण शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी बरोबर येतो याची नोंद करतात. पद्धत उत्तम आहे. परंतु तपासणारी मुलगी मुंबईत किंवा पुण्यात वाढलेली, ग्रंथ इंग्रजी, आणि तिच्या कानातली मराठी ही क्रमिक पुस्तकांची. जळगाव हा केळीचा जिल्हा. केळ्याचे चित्र पाहताच तिकडचे पोर आनंदाने केय म्हणणार. फळ्याला फया, बाळाला बाय. ळ चा य, असा शेरा पडे. आईला सांगण्यात येई की ळ म्हणून घ्या. आणि ती माउली, जिच्या स्वतःच्या तोंडी जन्मात ळ आला नव्हता, ती रात्री चुलीपुढे बसून पोराकडून असा वर्ण घोटून घेई जो तिचा नवरा, सासू, शेजारी यांपैकी कोणीच उच्चारीत नाही. मी जास असे म्हटले की व्याकरण कच्चे. स्वतः खानदेशी असलेल्या एका बाईंनी, ज्या पुढे याच विद्येत शिकल्या, मला सांगितले की आपण विद्यार्थिनी असताना असा शेरा एका पावरा मुलाच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि तो मुलगा आपल्या घरच्या बोलीत अस्खलित बोलतो हे त्याच्या बापाने बाहेर बाकावर त्याला हाक मारली तेव्हा कळले.

यात त्या शास्त्राचा दोष नाही. शास्त्राचा पहिलाच नियम असा आहे की दोष हा त्या मुलाच्या घरच्या भाषेच्या मापाने मोजावा, राजधानीच्या मापाने नव्हे. परंतु नियम लागू करायला ती घरची भाषा कानाला ठाऊक असावी लागते, आणि कान परमुलखाचे होते. मास्तरांच्या छडीचेच काम येथे सौम्य हाताने, पांढऱ्या कोटात आणि अगदी सद्‌हेतूने होत होते. चार गोष्टी लहानग्याच्या बोलण्यात वेगळ्या असल्या तर त्यांतील दुखण्याची कोणती आणि आईची कोणती, हे ओळखणे ही या विद्येची खरी किल्ली आहे असे मला वाटते. आणि ती किल्ली गाडीने आणता येण्यासारखी नव्हती.

प्रौढ रोग्यांची कथा निराळीच. लकव्याने उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते, ही गोष्ट गावाला पूर्वापार माहीत होती. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध आडत्याला असा झटका आला. त्याला मुलाचे नाव सांगता येईना, पाणी मागता येईना. पण सायंकाळी हरिपाठ सुरू झाला की तो बिनचूक म्हणे, एकपासून वीसपर्यंत अंक ओळीने मोजी आणि संतापला तर दोन ठळक शिव्या अगदी स्वच्छ देई. घरच्यांना वाटले, म्हातारा ढोंग करतो. घोकून घोकून मुरलेली वाणी आणि जागच्या जागी जुळवून बोलावयाची वाणी या मेंदूत वेगळ्या वाटांनी जातात, हे त्यांना कोणी समजावून सांगितले असते तर त्या घरातले कितीतरी भांडण वाचले असते. तो बाजारात मराठी, घरी अहिराणी आणि गिरणीवाल्यांशी गुजराती बोलत असे. परत आली ती अहिराणी, आणि तीही थोडी.

अलीकडच्या काही दशकांत चित्र पालटले, हे नाकारता येणार नाही. १९८९च्या सुमारास धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, जळगावात २०१८ साली. वाचोपचार करणाऱ्याची नोंदणी झालीच पाहिजे असा दंडक १९९२च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्याने घातला, त्यामुळे शंखातले पाणी विकणारा आणि शिकलेला तज्ज्ञ यांतील भेद निदान कागदावर तरी स्पष्ट झाला. २०१३च्या फेब्रुवारीत पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुले तपासावीत, आणि ज्यांच्यात उणीव आढळेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, जेथे श्रवण व वाचा या विषयांचा तज्ज्ञ तैनात असावा, अशी ही योजना. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत वाचा व भाषा यांचे दिव्यांगत्व स्वतंत्र मोजले. खानेसुमारीच्या जुन्या रकान्यात ज्याला जागा नव्हती त्याला शंभराहून अधिक वर्षांनी दाखला मिळू लागला. मंजूर पद आणि भरलेले पद यांत मात्र सरकारी भाषेत जे अंतर असते ते कधीकधी जळगाव-मुंबई अंतराहून मोठे निघते. पदवी घेतलेली मुले-मुली पुण्या-मुंबईत किंवा परदेशात रमतात, आणि कंत्राटी नेमणुकीच्या तुटपुंज्या मोबदल्यावर साक्रीला किंवा चोपड्याला येऊन राहण्याची सक्ती त्यांना कोणत्या तोंडाने करावी?

त्यामुळे लहान गावातला शोध आजही जुन्याच वळणाने चालतो. प्रथम कोणीतरी सांगते, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. मग श्रवणयंत्राच्या दुकानाची पाटी दिसते आणि विकणारा हाच तपासणारा असा घोळ होतो. मग कान-नाक-घशाचे डॉक्टर, मग कोणा शिक्षिकेकडून समजते की अमुक दवाखान्यात ठरावीक वारी नाशिकहून एक बाई येतात. मोबाइलच्या पडद्यावरून दूरचा तज्ज्ञ घरात आला ही मोठी सोय झाली, विशेषतः २०२०च्या टाळेबंदीनंतर. मात्र तापीकाठच्या गावात दुपारी वीज नसली की तो तज्ज्ञही अर्ध्या शब्दावर गोठतो, आणि अडखळणाऱ्या मुलाला ते पाहून फार हसू येते असे एका आईने मला सांगितले.

याच आईबरोबर मी मागील उन्हाळ्यात एका लहानशा दवाखान्यात गेलो होतो. तिचा धाकटा साडेचार वर्षांचा. ती दारातूनच सांगू लागली, मना पोऱ्या घरमा बोलस, भाईर गया का गप बसस. टेबलापलीकडची मुलगी पंचविशीची असेल, पारोळ्याकडची. तिने मान हलविली आणि त्याच बोलीत पोराला नाव विचारले. ते सांगायला त्याला बराच वेळ लागला. मग तिने चित्रांचा गठ्ठा काढला. केळ्याला तो केय म्हणाला, तिने काही लिहिले नाही. डोळ्याला डोया, तरी नाही. पुढचे चित्र कावळ्याचे होते. पोराने ते नीट पाहिले आणि म्हणाला, तावया. तेव्हा तिने पेन उचलले, क च्या रकान्यात त अशी बारीक खूण केली, आणि ळ चा रकाना तसाच सोडून पुढचे चित्र काढले.